नानांची वेबसाइट आणि माझं एक बोट

या, जरा जवळ सरका. आणि आधी तो मोबाईल खाली ठेवा. दिवसभर त्यात डोकं, पण आमच्या कुलमंडळाची वेबसाइट काही तुम्ही उघडली नसणार. नानांना कळलं तर तुमची धडगत नाही.

नाना म्हणजे माझे चुलत दीर. लग्न केलं नाही, शेजारच्या घरात एकटेच राहतात. माणूस भेटला की नमस्काराआधी त्यांचा प्रश्न, "शाखा कुठली? पिढी कितवी?" एसटीच्या कंडक्टरला विचारतात. दारात मासळी घेऊन येणाऱ्या बाईलाही विचारलं. ती पाटी उतरवत म्हणाली, "नाना, बांगडे सकाळचे आहेत. त्यांची पिढी विचारा हवी तर."

मंडळाच्या सभेत त्यांनी वेबसाइटचे फायदे सांगितले. पहिला, वाळवी लागत नाही. दुसरा, मंडणगडचा माणूस आणि मस्कतचा माणूस एकाच वेळी वंशावळ बघू शकतो. तिसरा मात्र तीनदा सांगितला. "कागदावर एकदा झालं ते झालं. हिच्यात दुरुस्ती होते."

मला गप्प कुठे बसवतं? उठून म्हटलं, आपल्या म्हाताऱ्यांना हे जमणार आहे का? अध्यक्ष म्हणाले, "वैनींचा अभ्यास दिसतोय. नावं भरायचं काम त्यांच्याकडे."

भरायला बसले, एका बोटाने. प्रत्येक नावापुढे एक चौकोन, 'हयात' म्हणून. मला वाटलं, हयातीच्या दाखल्यासारखं काहीतरी पेन्शनवाल्यांसाठी असणार. सगळे रिकामे सोडले. चौकोन रिकामा राहिला की नावाआधी आपोआप 'कै.' लागतं, हे मला कोण सांगणार?

आठवड्याने लांज्याहून फोन. "काकू, मी काजूच्या कारखान्यातून बोलतोय. स्वतः."

लांज्याची अख्खी शाखा मी एका दुपारी वर पोहोचवली होती. माझ्या स्वतःच्या नावाआधीही कै. होतंच.

नाना दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. मग वही घेऊन आले. घरोघर फोन लावून कोण आहे, कोण नाही, ते लिहून आणलं होतं. "चला वैनी, अकराव्या पिढीपासून उठवायला घ्या."

एकेकाला उठवत वंशावळीत नानांच्या घराशी आले. ज्या जुन्या कागदावरून मी नावं भरली होती, त्याच्यावर नानांच्या नावाशेजारी एक जागा ब्लेडने खरवडलेली होती, आणि तिच्यावर पेन्सिलीने नानांच्या अक्षरात ताजं नाव, सिंधू. त्यांची धाकटी बहीण. तिने आपल्या मनाने लग्न केलं आणि वडिलांनी तिला वंशावळीतून काढलं, एवढं मी नवी नवरी असताना ऐकलं होतं. पुढे तिच्या नवऱ्याच्या बदल्यांत पत्ताही हरवला.

"हिला टिचकी मारू?" मी विचारलं.

नाना वही मिटत म्हणाले, "बाकीच्यांना फोन करून विचारलं. हिला कुठे विचारू? राहू द्या."

ती तशीच राहिली. कै. सिंधू. आणि नाना रोज सकाळी चहाच्या वेळेला माझ्या ओटीवर येऊ लागले. "वेबसाइटवर कुणाचं काही आलं?" मी चेष्टा करायची, "आलंय की, सातव्या पिढीचं." आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

गेल्या आठवड्यात खरंच आलं. 'माझ्या नावाआधी कै. आहे. मी हयात आहे. दुरुस्ती व्हावी. सिंधू, मुक्काम अलोरे. पिढी अकरावी.'

अलोरे. चिपळूणच्या पुढे. सकाळच्या एसटीने निघालं तर दुपारचं जेवण तिच्याकडे.

नानांनी दोनदा वाचलं. मला बाजूला सरकवून चौकोनात टिचकी त्यांनी स्वतः मारली. 'कै.' गेलं. चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला.

"वैनी, उत्तर लिहा."

मी बोट उचलून तयार. आता शाखा येणार, पिढी येणार, मंडळाचे नियम येणार. नानांनी खिडकीतून आपल्या परसाकडे पाहिलं.

"लिहा," नाना म्हणाले. "दुरुस्ती केली आहे. परसातला कापा फणस यंदा खूप धरलाय. मला एकट्याला संपत नाही. लवकर ये."