छपरी तर छपरी

आमच्या दुकानाच्या माडीवर एक पाटी आहे. लाल, ठळक अक्षरांत लिहिलंय: 'छपरी'. खाली बारीक अक्षरांत, 'आर्किटेक्ट व अर्बन डिझायनर'. हल्लीच्या पोरांच्या तोंडी छपरी हा शब्द कोणत्या अर्थानं असतो ते तुम्हाला ठाऊक असेलच. केसांना तांबडा रंग फासून मोटारसायकल उडवणाऱ्या टपोरीला ती छपरी म्हणतात. त्यामुळं कॉलेजची पोरं खास गाडी थांबवून या पाटीखाली फोटो काढतात, आणि खाली माझं लोखंड-सिमेंटचं दुकान असल्यामुळं त्या फोटोत बरेचदा मीही येतो.

गाव आमचं सानगडीहून दिघोरीकडं जाताना लागतं. नाव सांगत नाही. नगराध्यक्ष अजून माझ्याशी बोलतात आणि ते बोलणं मला टिकवायचं आहे.

माडीवर बसतात त्या रामटेके मॅडम. नागपूरला शिकल्या, पुण्यात मोठ्या कंपनीत बरीच वर्षं नोकरी केली, आणि एक दिवस स्कूटीवर नकाशांची गुंडाळी बांधून आमच्याकडं आल्या. पाटीवर त्यांना 'सपरी' असं लिहून हवं होतं. सपरी म्हणजे आमच्याकडं घरापुढची उघडी, वरून छाया असलेली जागा. येणारा-जाणारा तिथं टेकतो, पाणी पितो, चार गोष्टी करतो. फ्लेक्सवाला पोरगा साकोलीचा. त्याला वाटलं, मॅडम शिकलेल्या असल्या तरी शुद्धलेखन कच्चं आहे. त्यानं आपण होऊन चूक सुधारली आणि 'छपरी' छापून आणलं.

मी म्हटलं, "मॅडम, वापस करा. हसतीन लोक."

मॅडमनी पाटी भिंतीला टेकवून उभी केली. मग म्हणाल्या, "राहू द्या जी, हटवारभाऊ. शब्द तं एकच होय. लोकाइची छपरं शाकारनाऱ्या मानसाइच्या नावाची या पोराइनं शिवी केली. मी पन लोकाइची छपरंच करून राहिली. छपरी तं छपरी!"

पाटी चढली. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की ही बाई साधी नाही.

मॅडमचं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे "बरं. नाही." हे दोन शब्द त्या एका दमात बोलत नाहीत. आधी "बरं" म्हणतात, मान हलवतात, समोरचा खूश होतो, चहाचा घोट घेतो, आणि मग शांतपणे "नाही" येतं. तुमसरचा एक राइस मिलवाला बंगला बांधायला आला होता. मोबाइलमध्ये नागपूरच्या बंगल्याचे फोटो घेऊन आला. म्हणे, समोरून सगळी काच पाहिजे.

"बरं," मॅडम म्हणाल्या. त्यानं पाय लांब केले. "नाही."

तो तावातावानं खाली उतरून माझ्याकडं आला. "काय जी भाऊ, हे बाई हो म्हनून राहिली का नाई म्हनून राहिली?"

मी म्हटलं, "नाईच म्हनते. फक्त इज्जतीनं म्हनते."

शेवटी त्या माणसानं मॅडमच्याच नकाशानं घर बांधलं. समोर काच नाही, तर घराच्या रुंदीएवढी लांब सपरी. आता तो दिवसभर तिथंच बसतो. हमाल, ड्रायव्हर, धान घेऊन आलेले शेतकरी, सगळी पंगत त्याच्याभोवती. त्याच्या बायकोची मॅडमकडं तक्रार अशी की नवरा घरात येतच नाही, जेवणसुद्धा बाहेर मागतो. मॅडमनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग तुम्ही पन बाहेर बसा."

या सपरीत मॅडमचा आणखी एक हट्ट असतो. सपरी आणि आतली खोली यांत पायरी नको. फरशी एकाच पातळीवर. आमच्याकडं कोण आंगणापर्यंत, कोण सपरीपर्यंत आणि कोण आत, हे पूर्वी पायरीवर ठरायचं. तोंडानं कोणी बोलत नसे. सगळ्यांना ठाऊक असे, बस. मॅडम ती पायरीच नकाशातून खोडतात. गिऱ्हाईक म्हणतं, पावसाचं पाणी आत येईल. मॅडम म्हणतात, पाण्यासाठी उतार देते, माणसासाठी पायरी देत नाही. दोन-चार गिऱ्हाइकं याच मुद्द्यावर पळाली. मॅडमनी त्यांना हाक मारली नाही.

माझं म्हणाल तर माझं या बाईनं नुकसानच केलं. माझ्या माडीवर बसून लोकांना सांगायच्या, "इथं स्लॅब कायले पायजे? कवेलू टाका." कवेलू म्हणजे आपली मातीची कौलं. मी खाली सिमेंटच्या थप्पीला टेकून ते ऐकायचो. एकदा मी चिडून वर गेलो, म्हटलं, मॅडम, माझ्या पोटावर पाय कायले देता? त्यांनी मला बसवलं, चहा दिला, आणि मेच्या दुपारी माझ्याच स्लॅबखाली मला तासभर गप्पा मारत ठेवलं. घामानं सदरा अंगाला चिकटला. उठताना म्हणाल्या, "समजलं?" समजलं होतं, पण धंदा माझाही आहे.

तरीही त्यांचं काम वाढत गेलं. आधी एक टेबल होतं, मग दोन झाली, मग पॉलिटेक्निक झालेल्या दोन पोरी आल्या, मग मोठ्ठाले नकाशे छापायचं यंत्र आलं आणि ते जिन्यातून वर नेताना माझ्या भिंतीचा कोपरा फुटला. अंगणवाडी झाली, एका टोलीतला, म्हणजे वस्तीतला, बुद्धविहार झाला, दोन शाळा झाल्या. नागपूरच्या कॉलेजची पोरं बस भरून बघायला येऊ लागली. ती आधी पाटीखाली फोटो काढायची, मग वर जायची.

मी एकदा विचारलं, "मॅडम, आर्किटेक्ट समजलं. हे अर्बन डिझायनर काय? आपल्या गावात तं रस्त्यावर म्हशी बसतेत."

"म्हनूनच तं," मॅडम म्हणाल्या. "म्हशीले बसाले जागा आहे. मानसाले कुठी आहे?"

त्या जागेवरूनच पुढं रण पेटलं. नगरपंचायतीनं ठरवलं की आठवडी बाजाराच्या मैदानावर दोनमजली संकुल बांधायचं. खाली पक्के गाळे, वर भाजीबाजार. नागपूरहून एक सल्लागार आला. सभागृहात पडद्यावर त्यानं चित्रं दाखवली. चकचकीत इमारत, समोर कारंजं, कोट घातलेली माणसं, बाळाची ढकलगाडी घेतलेली एक गोरी बाई. मीही तिथं होतो. खरं सांगतो, मला चित्र आवडलं. खालचा एक गाळा मी मनातल्या मनात घेऊनही टाकला होता, आणि सिमेंट कोणाच्या दुकानातून जाईल याचाही विचार झाला होता.

मॅडम उठल्या. बोट पडद्यावर.

"हे बाई कोनाच्या घरची होय जी?"

सभागृह हसलं. सल्लागार म्हणाला, "मॅडम, हे फक्त प्रेझेंटेशनसाठी आहे."

"बरं. मंग आमच्या बाया कुठी हायेत? डोक्यावर टोपलं घेऊन येनाऱ्या?"

"त्यांच्यासाठी वरच्या मजल्यावर ओटे आहेत. लिफ्टची सोय आहे."

"बाजाराच्या दिवशी आपल्याकडं लाइट असते का?"

आता नगराध्यक्षसुद्धा हसले, पण लगेच त्यांना आठवलं की आपण हसायचं नाही. त्यांनी विचारलं, तुमचं म्हणणं काय? मॅडमनी आपला नकाशा पसरला. मैदानाच्या चारही बाजूंनी एकच लांब सपरी, मध्ये मोकळं आंगण. बाजाराच्या तोंडाशी खांद्याएवढी उंच, जाड भिंत, म्हणजे बाईला डोक्यावरचं ओझं एकटीनं उतरवता यावं, कोणाला हाक मारायला नको. गाळा एकही नाही. दारं नाहीत, कुलपं नाहीत.

"यात विकास कुठं आहे?" कोणीतरी विचारलं.

"छायेत आहे," मॅडम म्हणाल्या.

मतदान झालं. संकुल पास झालं. मॅडमच्या नकाशाकडं कोणी पाहिलंही नाही, आणि पुढच्या महिन्याभरात त्यांच्या हातातली सरकारी कामं एकेक करून निघून गेली. शाळेची खोली गेली, समाजमंदिर गेलं. दोन पोरींपैकी एक गोंदियाला नोकरी धरून गेली. यंत्रावर चादर पडली. मी वर जाऊन समजावलं, "मॅडम, त्याइच्या मनासारखा एखादा नकाशा काढून द्या ना. सगळं वापस येईल."

"बरं," मॅडम म्हणाल्या. मी थांबलो. इतक्या वर्षांत मला त्यांची पद्धत कळली होती.

"नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याच दुकानातले दोन हमाल घेतले, टेबल जिन्यातून खाली उतरवलं, आणि बाजाराच्या मैदानात नेऊन मांडलं. टेबलावर छत्री बांधली. ऑफिस आता तिथं. ज्याला घराचा नकाशा पाहिजे त्यानं बाजारात यावं. लोक आधी हसले. मग यायला लागले, कारण बाजाराला तर यायचंच होतं. एका हातात मेथीची जुडी धरून माणसं बेडरूमची लांबी-रुंदी ठरवत होती. पावसात नकाशे भिजले, मॅडम भिजल्या, त्यांना ताप आला. ताप उतरला की पुन्हा टेबल. मी संतापून म्हटलं, "कायले मरता जी या चार टोपल्याइसाठी?" त्या भिजलेला नकाशा झटकत राहिल्या.

मग एका बाजाराच्या दिवशी ठेकेदाराची माणसं पायाची आखणी करायला चुना घेऊन आली. चुन्याची रेघ दुकानांमधून जाणार होती. बाया उठल्या नाहीत. रेघ ओढणाऱ्याला एकीनं म्हटलं, "बाजूनं ओढ ना रे बापा, माह्ये टमाटे हायेत." बाजूनं दुसरीची भेंडी होती. तो वाकडा होत होत, वळसे घेत घेत शेवटी जिथून निघाला होता तिथंच आला, आणि त्याची रेघ पाहून नगराध्यक्षांच्याच गाडीचा ड्रायव्हर पोट धरून हसला. मॅडम टेबलावरून उठल्यासुद्धा नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "हाच खरा नकाशा होय. आता याच्यावर सही करा."

त्या वळणदार रेघेचा फोटो मोबाइलवरून जिल्हाभर फिरला. निवडणूक जवळ होती. संकुल गुपचूप बसस्टँडजवळच्या जुन्या कोंडवाड्याच्या जागेवर गेलं, जिथं पूर्वी मोकाट ढोरं कोंडायचे. माझा गाळा आता तिथंच आहे, लोक काय काय बोलतात ते विचारू नका. आणि बाजाराला सपरी मिळाली. चारऐवजी तीनच बाजूंनी, आणि कवेलूंऐवजी टिनाची. टिनावरून मॅडम मोठमोठ्यानं भांडल्या आणि हरल्या. कोनशिलेवर सगळ्यांची नावं आहेत, त्यांचं नाही. तेवढ्यावरून मी भांडायला निघालो होतो, त्यांनीच थांबवलं.

नव्या सपरीत पहिला बाजार भरला त्या दिवशी मॅडम दुपार कलल्यावर आल्या. मला वाटलं, आता खांब मोजतील, टिनाला शिव्या देतील. त्या सरळ शेवटच्या कोपऱ्याकडं चालत गेल्या, जिथून गावची नाली वाहते. मी मागून गेलो. तिथं एक म्हातारी कांदे-लसूण घेऊन बसली होती. मॅडम तिच्यापुढं नुसत्याच उभ्या राहिल्या.

"काय पायजे वो बाई?"

"काई नाई." मॅडमचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "थोडी बसू का इथं?"

"बस ना. इचारतेस कायले? बाजार का कोनाच्या बापाचा हाय?"

मॅडमनी कोपऱ्यातल्या खांबाला हात टेकला. मग हळूच म्हणाल्या, "माह्या बापाचा होता हा कोपरा. अंबाडीचे दोर घेऊन बसे. त्याले इथंच जागा देत, नालीजवर, भर उन्हात. मी भाकर घेऊन येवो तं आपला दुपट्टा काढून माह्या डोक्यावर टाके. आपन तसाच बसे."

त्या पंचक्रोशीतल्याच, हे मला ठाऊक होतं. बाकी यातलं अक्षर त्यांनी कधी काढलं नव्हतं. ना सभेत, ना तापात, ना माझ्याशी.

म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून त्यांच्याकडं नीट पाहिलं. "दोरवाल्या रामटेक्याची पोरगी होय का वो तू?"

सबंध गाव ज्यांना मॅडम म्हणतं, त्यांनी शाळेतल्या पोरीसारखी मान हलवली.

"मंग उभी कायले हायस?" म्हातारीनं टोपलं ओढून घेतलं. "बस. मी चहा पिऊन येतो. कांद्याकडं ध्यान ठेवजो."

मॅडम खाली बसल्या. पाय मुडपून, खांबाला पाठ लावून. टोपल्यातले कांदे सारखे करू लागल्या. मी तिथंच घोटाळत होतो. जावं की थांबावं ते कळेना, म्हणून उगाच विचारलं, "कांदे कसे दिले?"

त्यांनी ओल्या डोळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि जरा सरकून शेजारची फरशी हातानं झाडली.

"बसा जी, हटवारभाऊ," त्या म्हणाल्या. "छाया आहे."