भिंतीवरचे एकोणीस एक

मी नवी स्कूटर घेतली तेव्हा शेजारच्या सेवकराम काकाजींनी तिला हळदकुंकू लावू दिलं नाही. आधी नंबर वाचला.

"दोन हजार आठशे एकाहत्तर. नऊनं फुटते, अकरानं फुटते, एकोणतीसनं बी फुटते. बाबू, ही गाडी हाये का कणी?"

मी त्यांची माफी मागितली. कशाबद्दल, ते मला अजून कळलेलं नाही.

काकाजींचं आयुष्य तुमसरच्या राईस मिलमध्ये तांदूळ पारखण्यात गेलं. त्यामुळे त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकार: अख्खा तांदूळ आणि कणी. जो आकडा दुसऱ्या कशानंच भागला जात नाही, ज्याला शाळेत मूळ संख्या म्हणायचे, तो अख्खा. बाकी सगळी कणी. मी बँकेत आहे म्हणून आकड्यांतलं मला कळतं, असा त्यांचा समज आहे. तो मी मोडलेला नाही, आणि त्याचंही मला वाईट वाटतं.

आमच्या दोन घरांमधल्या भिंतीवर काकाजींनी खडूनं ओळीनं एकोणीस एक लिहून ठेवले आहेत. गल्लीला आधी ती करणी वाटली. कुणीतरी खाली लिंबूही ठेवलं. काकाजींनी त्याचं सरबत केलं.

"हा सबन मिळून एकच आकडा हाये," त्यांनी मला सांगितलं. "दादा म्हनते फुटते. मी म्हनतो, नाही फुटत."

दादा म्हणजे करडीला राहणारे त्यांचे थोरले भाऊ तुळशीराम. एका लग्नात मानाचा दुपट्टा द्यायचा राहिला आणि दोघांचं जाणं-येणं बंद पडलं. ही जुनी पैज तेवढी बंद पडली नाही. रोज संध्याकाळी दादांचा फोन येतो. काकाजींना कमी ऐकू येतं, त्यामुळे तो सगळ्या गल्लीला ऐकू जातो.

"फुटला?"

"नाही फुटला."

"पाहत राय. गुडघा?"

"हाये तसाच."

झालं. फोन बंद.

मला वाटलं, म्हातारा माणूस भागाकार करकरून झिजतो आहे आणि खिशात मोबाईल असून मी गप्प बसतो, हे बरं नव्हे. एका रविवारी मी मोबाईलवर एकोणीस एक दाबून विचारलं. पापणी लवायच्या आत उत्तर आलं: मूळ संख्या. मी अनवाणीच धावलो.

"काकाजी, जिंकलात! अख्खा आहे!"

त्यांनी आधी दार लोटलं. "हळू बोल ना, बाबू. मले कवाचं मालूम हाये."

"मग दादांना सांगत का नाही?"

"सांगतलं त दादा हारन. हारला त फोन कायले करन?"

मी पुन्हा माफी मागितली.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा काकाजी न्हाणीत होते आणि फोन वाजला. "उचल रे!" ते आतून ओरडले. मी उचलला.

"बँकवाले बाबू का? सेवक जवळ नाही ना?" दादांचा आवाज एकदम खाली आला. "सुनेनं मोबाईलवर पाहून सांगतलं. नाही फुटत तो. पन सेवकले नोका सांगजा."

"का?"

"जिकला त हिसाबच बंद करन तो. मंग मी कोन्या बहान्यानं इचारू, गुडघा कसा हाये?"

माझं डोकं पार चक्रावलं. दोघांना ठाऊक, आणि दोघांचंही म्हणणं एकच, दुसऱ्याला कळू देऊ नको. सांगावं तर पाप, लपवावं तर पाप. तेवढ्यात काकाजी हात पुसत आले आणि त्यांनी फोन घेतला.

"फुटला?" दादा गरजले.

"नाही फुटला, दादा. पाहून रायलो."

"पाहत राय."

फोन ठेवून काकाजींनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुले काय म्हने?"

"काही नाही. फुटला का, विचारत होते."

त्यांचा चेहरा निवळला. ओलीमुळे भिंतीवरचा शेवटचा एक पुसट झाला होता. त्यांनी खडू घेतला, दुखऱ्या गुडघ्यावर हात टेकवून वाकले आणि तो सावकाश गिरवला.

"हा मिटला त अठरा रायतीन," ते म्हणाले. "अन् अठरा एक त तीननंच फुटते, बाबू."