समाधान बाकडे

कुडाळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका काजू कारखान्यात तुळसाने बाकडे मागितले. घटना एवढीच. पुढे जे झाले ते सारे नियमाला धरून झाले, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

तुळसा प्रतवारीच्या टेबलाशी काम करी. समोर गरांचा ढीग येई. त्यातला अख्खा गर एकीकडे, पाकळी दुसरीकडे, तुकडा तिसरीकडे. हे काम चाळीस बायका आठ तास उभ्याने करत, कारण बसलेल्या बाईचा हात सावकाश चालतो असे मालकांचे मत होते. ते मत त्यांना खुर्चीत बसल्या बसल्या सुचले होते. अकरा वर्षे उभी राहिल्यावर तुळसाची ढोपरे कुरकुरू लागली, आणि एके दिवशी ती सत्यवान सुपरवायझरकडे गेली.

"सायबानू, ढोपरां दुकतत. टेबलाकडे एक बाकडा व्हया. आळीपाळीन बसू."

सत्यवान गावचाच, पण ऑफिसात शिरला की प्रमाण भाषेत बोले. त्याने सांगितले की दुखणे हा विषय आता त्याच्याकडे राहिलेला नाही. त्यासाठी कंपनीने कर्मचारी मनःस्वास्थ्य व लवचिकता विभाग उघडला आहे. विभागात एक टेबल, एक खुर्ची आणि त्या खुर्चीवर अपेक्षा मॅडम होत्या. मॅडम मूळच्या तळेऱ्याच्या, पण पुण्यात दोन वर्षे राहून लवचिकतेची पदविका घेऊन आल्या होत्या.

मॅडमनी तुळसाला मायेने उभे केले आणि एक फॉर्म दिला. त्यावर पाच तोंडे काढली होती. पहिले हसरे, पाचवे रडके. आज कसे वाटते, त्या तोंडावर खूण करायची. तुळसाने चौथ्या आणि पाचव्याच्या मधोमध खूण केली. मॅडमनी हिशेब केला आणि ताणांक दहापैकी नऊ आल्याचे गंभीरपणे सांगितले.

"काकी, दुखणं ढोपरात नसतं. ढोपराकडे बघण्याच्या आपल्या दृष्टीत असतं. माडाकडे बघा. वादळ आलं तरी वाकतो, पण उभा राहतो. माड कधी बाकडं मागतो का?"

तुळसाने खिडकीतून माडाकडे नीट पाहिले.

"बाय, माड उबो रवता खरो. पण माडाक घराक जावन जेवाण करूचा नसता."

हे वाक्य मॅडमनी 'नकारात्मक विचारसरणी' या रकान्यात लिहून घेतले.

तरीही कंपनी निर्दय नव्हती. पंधरा दिवसांनी बाकडे खरोखरच आले. निळ्या रंगाचे, पाठ टेकायची सोय असलेले, वर पांढऱ्या अक्षरांत 'समाधान बाकडे' लिहिलेले. मालकांनी फीत कापली, बायकांनी उभ्याने टाळ्या वाजवल्या. मग मॅडमनी नियमावली वाचली. बाकड्यावर कोणीही ऊठसूट बसायचे नाही. ज्या कर्मचाऱ्याचा ताणांक आठ किंवा त्याहून अधिक असेल तिने वहीत नाव लिहून चार मिनिटे बसावे. उठल्यावर ताणांक पुन्हा मोजला जाईल.

पहिला मान तुळसाचा. ती बसली, तिने पाठ टेकली, डोळे मिटले, आणि चार मिनिटांनी उठली तेव्हा तिचा ताणांक तीन भरला. तीनवाल्या बाईला बाकडे मिळत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी ताणांक पाच, तिसऱ्या दिवशी सहा. आठापर्यंत चढायला तिला आठवडा लागला, आणि चढला की चार मिनिटांत पुन्हा खाली. बाकड्याचा गुण इतका चांगला होता की त्यावर लागोपाठ दोनदा बसणे कोणाला जमेना.

मग बायका कण्हायचा सराव करू लागल्या. यात तुळसाच्या शेजारची पिएदाद पटाईत निघाली. मॅडम दिसल्या की ती टेबलाला धरून असा काही उसासा टाकी की नऊ ठरलेले. तुळसाला मात्र हे साधेना. बाकड्याच्या नुसत्या आशेनेच तिला हसू येई.

"तोंड बग तुझा," पिएदाद म्हणाली. "लग्नाक चललेली कशी. ह्या तोंडार तुका ताणांक दोन पण मेळाचो नाय. जरा सासूची आठवण काढ गो."

तुळसाने आठवण काढली. पण सासू स्वभावाने फार चांगली होती, त्यामुळे उपयोग झाला नाही.

इकडे महिनाअखेरीस सगळ्यांचे आकडे मुंबईच्या मुख्य कार्यालयात गेले आणि तिथे घबराट उडाली. बाकडे आल्यापासून कारखान्याचा ताण दुप्पट झाला होता. शिवाय कंपनीने 'आनंदी कार्यस्थळ' पुरस्कारासाठी अर्ज केला होता. वरून आदेश आला: ताणांक शून्यावर आणावा. मॅडमनी विचार करून उपाय काढला. आठ किंवा अधिक अंक असणाऱ्या प्रत्येकीने सुट्टीनंतर अर्धा तास थांबून 'कृतज्ञतेने उभे राहणे' हे शिबिर करायचे.

अर्धा तास थांबले की कट्टा गावाकडची एसटी निघून जाई. पुढच्या गाडीत उभ्याने जावे लागे. दोन दिवसांत चाळीसच्या चाळीस बायका पहिल्या, हसऱ्या तोंडावर खूण करू लागल्या. पिएदादनेही केली. ताण शून्य झाला, पुरस्कार मिळाला. बाकड्याला पात्र कोणी उरले नाही म्हणून ते समारंभाच्या दिवशी पाहुण्यांना बसायला मंचावर गेले.

समारंभाची सुरुवात गाऱ्हाण्याने होती. फाटकावरचा बाबली गावातही गाऱ्हाणे घाली. तो देवाकडे एकेक मागणे मांडे आणि जमलेली माणसे 'होय म्हाराजा' म्हणत. तुळसाने सकाळीच त्याला गाठून आपले मागणे त्यात घालायला सांगितले होते. माणसांचे मार्ग सगळे करून झाले होते.

बाबलीने नारळ हातात घेतला. "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरांनी तुझ्यासमोर नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे."

"होय म्हाराजा!"

"कोणाची ढोपरां दुकत आसतीत, तेका कामाच्या जाग्यार बसाक बाकडा मेळांदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मालकही म्हणाले, पाहुणेही म्हणाले, घरी 'आमेन' म्हणणारी पिएदाद सगळ्यांत मोठ्याने म्हणाली. तुळसाचे डोळे भरून आले.

तेवढ्यात अपेक्षा मॅडम पुढे झाल्या. त्यांच्यातले तळेरे जागे झाले होते आणि हातातला फोन चालू होता. "आणि ह्यो सगळ्यो बायो उभ्यान काम करून सुखात आसत रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" चाळीस तोंडांतून निघून गेले. तुळसाच्याही. तोंड बंद करेपर्यंत उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी ती सत्यवानकडे गेली आणि मालकांनी सगळ्यांसमोर बाकड्याला होकार दिला त्याची आठवण तिने करून दिली. सत्यवानने ते नाकारले नाही. त्याने समजावून सांगितले की तो होकार देवाला दिलेला आहे, त्यामुळे सदर मागणी पुढील कार्यवाहीसाठी देवाकडे वर्ग झाली आहे. दुसरा होकार मात्र कंपनीला दिलेला असल्याने तो आजपासून लागू. निळे बाकडे मालकांच्या केबिनमध्ये ठेवले आहे.

मॅडमचा व्हिडिओ कंपनीने सगळीकडे पाठवला. बाबलीचा भाग वेळेअभावी गाळला होता. अकरा लाख माणसांनी तो पाहिला. कोकणातली माणसे किती समाधानी, ह्या मावश्यांकडून शिकण्यासारखे आहे, असे खाली लोकांनी लिहिले होते. तुळसाने गच्च भरलेल्या एसटीत दांड्याला धरून पिएदादकडून ते सगळे वाचून घेतले.

"एकान तरी इचारल्यान काय, ह्यो उभ्यो कित्याक म्हणान?"

पिएदादने अंगठ्याने पुष्कळ खालपर्यंत पाहिले. "नाय गो. सगळ्यांनी लाल बदाम घातल्यानी."

त्यात एक बदाम तुमचाही आहे. आठवून पाहा. जेवण झाले होते, पाठीला उशी होती, आणि तो दिल्यावर तुमचा स्वतःचा ताणांकही जरासा उतरला होता.