आवाज गिळणारी दारं

हिंदुरावमामा कुठल्याही गाडीजवळून नुसते जात नाहीत. जाता जाता दारावर बोटाच्या पेरानं टकटक करतात, कान लावतात आणि निकाल देऊन मोकळे होतात.

"पोकळ हाय."

गाडी कुणाची, आत कोण बसलंय, ह्याच्याशी त्यांना काही कर्तव्य नाही. मागं हातकणंगल्याला एका लग्नात फुलांनी मढवलेली नवरदेवाची मोटार उभी होती. आत नवरी, नुकतीच रडून बसलेली. मामांनी दार वाजवलं. बिचारीला वाटलं, माहेरचं कुणी शेवटचं भेटायला आलं. तिनं काच खाली केली, तर मामा म्हणतात, "सुखी ऱ्हा बाळ. पन नवऱ्याला सांग, दार रिकाम्या घागरीवानी वाजतंय." नवरी रडता रडता फिसकन हसली. मी मामांना दंडाला धरून पंगतीत नेऊन बसवलं, कारण नवरदेवाचे दोन्ही भाऊ तालमीतले होते.

मामा माझे सख्खे कुणी नव्हेत. ते अख्ख्या गल्लीचेच मामा. साखर कारखान्याच्या शेती खात्यात उभी हयात गेली. कारखान्यानं मोडीत काढलेली एक जीप त्यांनी तरुणपणी लिलावात घेतली, ती आजतागायत आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी असते. रंग कोणता म्हणून विचारू नका. मामा 'हिरवा' म्हणतात, आपण 'व्हय' म्हणावं. चढ असो, चिखल असो, जीप कुठं अडत नाही. फक्त ती चालू झाली की गल्लीतली लहान मुलं झोपेतून उठतात आणि म्हातारी माणसं देवाचं नाव घेतात. त्यात दोन्ही दारं नुसत्या पत्र्याची, आतल्या बाजूनं उघडी. इंजिन एक वाजतं, दारं त्याची चार करून सांगतात.

तर गेली दोन वर्षं मामा ह्या दारांना आतून पॅनेल बसवतायत. दोन वर्षं! एवढ्यात लोक बंगला बांधतात, वास्तुशांत करतात आणि भावकीशी भांडूनही होतात.

"मास्तर," ते मला सांगायचे, कारण मी हायस्कुलात भूगोल शिकवतो आणि माझ्या हातून काहीच दुरुस्त होत नाही, त्यामुळे मी ऐकून घेतो, "दारानं आवाज गिळला पायजे. ह्ये दार वकतंय."

पहिल्या खेपेला त्यांनी दारांत पोती कोंबली आणि वरून प्लायवूड ठोकलं. पोती कुठली, तर कारखान्यातली, साखरेची. चार दिवसांत मुंग्यांना पत्ता लागला. आठव्या दिवशी मामा गाडी चालवताना मधेच उभे राहून धोतर झटकत होते, ते अख्ख्या राजारामपुरीनं पाहिलं.

दुसरी खेप त्याहून नामी. त्यांचा शाळासोबती शंकर चपलांचं काम करतो. कापडापेक्षा कातडं बरं, जाड असतं, आवाज दाबील, असं मामांच्या डोक्यात आलं. पुठ्ठ्याचे नमुने कापून त्यांनी शंकरकडं दिले. शंकरनं पंधरा दिवस खपून दोन पॅनेलं केली. काय काम होतं! कडेनं वेणी, मधे कातरकाम, वर लाल गोंडा. आम्ही सगळे बघायला जमलो. मामांनी पॅनेल बसवलं, दार लावलं आणि दार बोललं, "कर्र."

उघडलं, "कर्र." पुन्हा लावलं, "कर्र कर्र."

मामांनी शंकरकडं बघितलं. शंकरची छाती फुगलेली. चप्पल कशी ऐटीत वाजली पाहिजे म्हणून कातड्याच्या दोन थरांमधे बिया घालतात, तशा त्यानं दारातही घातल्या होत्या. मित्राचं काम, त्यात हात आखडता कसा घ्यायचा?

"शंकऱ्या, मला गप्प बसणारं दार पायजे हुतं की रं!"

"आता ह्ये मला काय ठावं?" शंकर म्हणाला. "आजपतोर गिऱ्हाईक माज्याकडं आवाज मागायलाच आलंय. गप्प बसायला कोन येतंय?"

ती पॅनेलं आता शंकरच्या दुकानात भिंतीवर टांगलेली आहेत. पर्यटक येऊन त्यांचे फोटो काढतात.

मला मात्र खरा वैताग यायचा तो चाचणीचा. पॅनेलमधे काही नवं घातलं की मामा मला डाव्या सीटवर बसवायचे, हातात वर्तमानपत्र द्यायचे आणि गाडी हाणायचे. मी राशिभविष्य वाचायचं. मोठ्यानं नव्हे, हळू. आता मी मास्तर माणूस. वीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवतोय. कुजबुजणं माझ्या घशात बसत नाही.

"बारीक वाचा, मास्तर."

मी बारीक वाचायचो.

"आनि बारीक. आजाऱ्यावानी."

एवढं करून टाउन हॉलपर्यंत त्यांना एखादाच शब्द ऐकू यायचा. एकदा फक्त 'प्रवास टाळा' एवढं ऐकू आलं, तर म्हणाले, "ह्ये तुमी मनानं घातलंसा."

शेवटी एका रविवारी माझा पारा चढला. घरी पांढरा रस्सा होता, पाहुणे आले होते आणि हा माणूस दारात जीप लावून उभा, हातात वर्तमानपत्र. मी म्हटलं, "मामा, बास झालं! तुमच्या गाडीत बसून कुजबुजायचंय तरी कुणाला? चोरांची टोळी नेणार आहात काय?"

मामा आपल्या घराच्या सोप्याकडं बघत म्हणाले, "मालनला."

मालनमामी म्हणजे त्यांची बायको. एके काळी ह्या बाईचा आवाज काय होता म्हणता! भाजीवाला लांब तीन रस्त्यांच्या तिकटीवर असतानाच मामी सोप्यातून त्याला पहिला भाव सांगायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ साधी निघाली, जीव वाचला, पण आवाज गेला. जाण्याचा संभव डॉक्टरांनी आधीच सांगितला होता. आता मामी बोलतात ते जवळ जाऊन ऐकावं लागतं. मामांना बोलवायचं तर टाळ्या वाजवतात. दोन टाळ्या म्हणजे चहा, तीन म्हणजे कुणीतरी आलंय. गल्लीला हे सगळं माहीत होतं. दारांचा आणि त्याचा संबंध मात्र आमच्यापैकी एकाच्याही टाळक्यात शिरला नव्हता.

"घरात बोलता येतंय की, मामा," मी म्हटलं. माझा आवाज आपोआप खाली आला होता.

"घरात आमी कदी बोललोय?" मामा म्हणाले. "आई, तीन भाऊ, भावजया, पोरं. एकोनीस मानसं हुती घरात. बायकोसंगं बोलायचं म्हंजे चोरीच. म्हैन्यातनं एकदा दोघंच जीपनं नरसोबाच्या वाडीला जायाचो. जाताना ती बोलायची, येताना बी तीच बोलायची. कोन काय म्हनलं, काय दुखतंय, काय पायजे. लगीन घरात झालं मास्तर, पन संसार ह्या जीपमधी झाला. आता भाऊ वायले ऱ्हायले, घर रिकामं पडलं, तरी तिला घरात मनातलं बोलायची सवंच न्हाई."

"मग नवी गाडी घ्या. त्यात आवाज येत नाही."

"पोरानं पुन्याहनं आनली हुती की. काचा बंद, तिला मळमळाय लागलं. पावनी बसल्यावानी बसली, एक शबूद न्हाई." मामांनी जीपच्या दारावर हात ठेवला. "ह्या गाडीत ती बोलती, तवा नुसतं व्हट हालत्यात. मी आपला व्हय व्हय म्हनतो. तिला काय कळत न्हाई व्हय? मागच्या दोन खेपंला ती वाडीपतोर गप्प बसली. तिनं बोलायचंच सोडलं तर मी काय करू?"

मी वर्तमानपत्र घेतलं आणि गाडीत जाऊन बसलो. पांढरा रस्सा पाहुण्यांनी संपवला, त्याचं मला काही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, थोडं वाटलं.

त्यानंतर मात्र काम नीट मार्गाला लागलं. गाड्यांची कुशनं शिवणाऱ्या इसाकभाईंना मीच जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी डोकं चालवलं. पत्र्याला आतून डांबरी शीट, त्यावर दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा, मग प्लायवूड, फोम आणि वरून तपकिरी रेक्झिन. प्रत्येक स्क्रूखाली रबराचा वायसर. माप घेताना इसाकभाई मामींना म्हणाले, "भाभी, जरा बसून दाखवा. हात कुठं टेकता?" मामींनी कोपर जिथं टेकलं तिथं त्यांनी खडूनं खूण केली आणि तेवढ्या जागी जास्तीचा फोम भरला. तो मऊ उंचवटा फक्त डाव्या दारालाच आहे.

मग आला वाडीला जायचा दिवस. मामांनी मला मागं बसवलं. म्हणाले, साक्षीदार पायजे. खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटत होती.

शिरोली गेली. इंजिन घुरघुरत होतं, पण दारं गप्प होती, अगदी शहाण्यासारखी. मामीही गप्प होत्या. मामांची मान रस्त्याकडं कमी आणि डावीकडं जास्त. मला मागं घाम फुटला.

"बोल की," मामा म्हणाले. मामींनी बाहेर उसाकडं बघितलं.

"बोल की गं कायतरी."

आणि मग आवाज आला. बारीक, घासलेला, पण स्पष्ट. मागच्या सीटवर मलासुद्धा ऐकू आला.

"पुढं बघा. त्या ट्रकच्या ढुंगनात शिरतायसा."

मामांनी ब्रेक दाबला. मी पुढच्या सीटवर आपटलो. मामांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी त्यांच्या मुलाला नोकरी लागली तेव्हाही पाहिला नव्हता. "ऐकलासा मास्तर? ऐकलासा? ट्रक म्हनली!" हातकणंगल्यापर्यंत मामी त्यांना बोलत होत्या. गिअर, खड्डे, न धुतलेला सदरा, पोराला न केलेला फोन. मामा प्रत्येक बोलणं झेलत होते आणि हसत होते.

हातकणंगलं मागं पडलं तशा मामी थांबल्या. मग म्हणाल्या, "दवाखान्यातनं घरी आनलंसा, त्या दिशी मी ह्या गाडीत तुमाला एक इचारलतं. ध्यानात हाय?"

मामांचं हसू गेलं.

"तुमी व्हय म्हनलासा," मामी म्हणाल्या. "पन तुमाला ऐकूच आलं न्हवतं. मला तवाच कळलं."

मामांनी जीप रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. "आता इचार."

"मी म्हनलतं, आवाज परत न्हाई आला, तर माज्यासंगं करमंल का तुमाला?"

मी मागं बसलोय हे दोघंही विसरले होते. मामांचे डोळे भरले. "मालन," ते म्हणाले, "तुज्याबिगर मला आजवर कुटं करमलंय? दोन वर्सं दारं ठोकत बसलो ते काय हौस म्हनून?"

मामी पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "मग तवाच अशी गाडी थांबवून ऐकायचं हुतं की!"

दोन वर्षं, तीन खेपा, मुंग्या, शंकर, इसाकभाई, माझं राशिभविष्य. सगळं मामांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"सुचलंच न्हाई गं," ते म्हणाले.

मामी हसल्या. त्या हसण्याला आवाज नव्हता, पण खांदे गदगदत होते. मग त्या मामांकडं वळून बसल्या आणि पुन्हा बोलायला लागल्या, आणि ह्या वेळी ते गिअरबद्दल नव्हतं.

मी हळूच खाली उतरलो. समोर उसाच्या रसाचा गाडा होता. तीन गलास सांगितले. रसवाला चटपटीत निघाला, लगेच ऊस उचलून चरकात घालायला लागला.

"पावणं," मी त्याचा हात धरला, "जरा दमानं. आम्हाला अजिबात घाई नाही."