दिगूकाका आन् पावणेसात

आमच्या शेजारचे दिगूकाका दाराला दोन कुलपं लावतेत. का, तर एक न्हाई लागलं तर. चाव्या हरवल्या तर म्हणून एक जोड माझ्यापाशी, आन् मी घरी नसले तर म्हणून एक जोड किराणावाल्याकडं. मी म्हणलं, काका, आर्ध्या परतूर गावाकडं चाव्या हायेत, मंग कुलूप कशाला? हसले न्हाईत. "मुद्दा बराबर हाये," म्हणले आन् वहीत लिहून घेतलं.

"न्हाई झालं तर?" हे त्यांचं कायमचं. माझ्या लग्नात त्यांनी भटजीला विचारलं, माईक बंद पडला तर कोण म्हणणार? खरंच लाईट गेली, आन् निम्मी मंगलाष्टकं काकांनीच म्हणली, बेसूर.

काम त्यांचं कंप्युटरवर प्रोग्राम लिहायचं. काकू वारल्या, लेकरूबाळ झालंच न्हाई, घरी एकटेच बसून लिहितेत. अंगणवाडीच्या बाईंना त्यांनी फुकट एक बनवून दिल्ता. लेकराचं वजन टाकलं की मागच्या महिन्यापेक्षा किती वाढलं ते मोबाईलवर दिसतं.

माझी पोरगी सातव्या महिन्यातच झालेली. नर्सताईंनी सांगितलं व्हतं, ह्या बारीला वजन वाढलं न्हाई तर जालन्याला भरती करा. त्या दिवशी पोरीला घेऊन अंगणवाडीत गेले. बाईंनी झोळी काट्याला लावली, एक हात झोळीला, म्हणून मोबाईलला वजन तोंडानंच सांगितलं. पोरगी एवढी रडून राह्यली व्हती की मला ऐकूच आलं न्हाई. मंग मोबाईल बघितला, तर वाढीच्या म्होरं आकडाच न्हाई. तीन इंग्रजी अक्षरं. एन, ए, एन. बाईंचंबी तोंड उतरलं.

मी आठवीपर्यंत शिकलेली. दवाखान्यात आजाराला अशीच अक्षरं असतेत. पोरगी काखेत, बाईंचा मोबाईल हातात, चपला तिथंच, पळत सुटले काकांकडं.

काकांनी मोबाईल बघितला आन् पांढरेच पडले.

"काय झालं तिला?"

"तिला काही न्हाई. चुकलं माझं," काका म्हणले. "ह्या अक्षरांचा अर्थ, 'हा आकडा न्हाई'. बाईंनी पावणेसात सांगितलं, मोबाईलनं ते शब्दातच लिहिलं. प्रोग्रामला सहा पॉइंट पंच्याहत्तर कळतं. पावणेसात त्याच्या बापालाबी कळत न्हाई. आन् त्याचा बाप मीच."

मंग शून्य का न्हाई दाखवलं, मी विचारलं. म्हणले, शून्य दाखवलं अस्तं तर ते खोटं झालं अस्तं, वाढ न्हाई समजून तुमी रडत जालन्याची गाडी धरली अस्ती. हे निदान कळलं न्हाई म्हणून कबूल तरी करतं. पण लई नासकं, एका लेकराच्या हिशोबात शिरलं की सगळ्या अंगणवाडीची बेरीज नासवतं, आन् त्यालाच विचारलं तू तूच हायेस का, तर न्हाई म्हणतं. काका रंगात आले. मी म्हणलं, काका, आधी आकडा टाका.

टाकला. वाढ, तीनशे पन्नास ग्रॅम.

मी हुंबऱ्यातच बसले. हसू येत व्हतं का रडू, मलाच कळंना.

"कुलपाचा विचार केला," काका म्हणले, "आपली माणसं पावणे-सव्वात बोलतेत, ह्याचा केला न्हाई."

मंग दुरुस्तीला बसले. पोरीला मागून घेतलं, त्याच्याआधी हात धुतले, जंतू न्हाई निघाले तर म्हणून परत धुतले. आकडा कळला न्हाई तर काय लिहायचं, तिथं अडले. 'चुकीची माहिती' लिहिलं आन् खोडलं. मला म्हणले, "तुमी सांगा. काय वाचलं अस्तं तर पळाल्या नस्त्या?"

मला आजवर कोणी लिहायचं काही विचारलं न्हाई. मी बोलले तसंच त्यांनी लिहिलं. 'लेकराला काही झालं न्हाई. मलाच वजन कळलं न्हाई. आकड्यात परत टाका.'

मंग तपासायला लागले. पावणेसात टाकलं, बराबर ती ओळ आली. सव्वासहा टाकलं, आली. कोरं ठेवलं, आली. तवर पोरगी त्यांच्या मांडीवर झोपली, त्यांच्या शर्टाचं बटण मुठीत धरून. काम तर झालं व्हतं. तरी काका एका हातानं साडेपाच, पावणेनऊ टाकीतच राह्यले, श्वासबी दबकत घेत. "अजून एक डाव बघतो," म्हणले, माझ्याकडं न बघता.

मी सासूबाईंना फोन लावला. म्हणलं, पोरीचं वजन वाढलं, पण काकांचं तपासणं चालू हाये, मला यायला उशीर व्हईल.