नाना आणि बावीस घरांची कणीक

चांगला पेन्शनवाला माणूस दारोदार पीठ मागत फिरतो, हे तुम्ही कुठं पाहिलंय? नसेल, तर आमच्या आर्वीला या. संक्रांत झाली, की आमच्या कॉलनीतले नाना स्टीलची बादली घेऊन निघतात. सारी नोकरी एस.टी. डेपोत गाड्यांखाली झोपून काढलेला हा मेकॅनिक. माझ्या दारात हाक अशी मारतात, की आतल्या माणसाला वाटावं आपली गाडी सुटली.

"मास्तर, एक मूठ कणीक! ओंजळ नाई, मूठ!"

ही कणीक रोडग्यांची, म्हणजे कणकेच्या जाडजूड गोळ्यांची. कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजायचे, सोबत वांग्याची भाजी, आणि बावीसही घरांनी एकत्र जेवायचं. बाकी पीठ गिरणीतून पोत्यानं येतं. पण प्रत्येक घरची एक मूठ परातीत पडल्याशिवाय नाना पाण्याचा थेंब घालू देत नाहीत.

आमच्या मंडळींना आपल्या चाळलेल्या पिठाचा भारी अभिमान. एका वर्षी त्यांनी जरा नाक मुरडलं. नानांनी त्यांची मूठ, मेश्राम मॅडमची मूठ आणि रहीमचाचांची मूठ एकत्र कालवली अन् म्हणाले, "घ्या वहिनी, आता तुमचं तेवढं निवडून घ्या!"

हे रोडगे कोणत्या देवाचे, असं कुणी विचारलं, की उत्तर ठरलेलं. "रोडग्याले देव नाई लागत बाप्पा, जाळ लागते."

एका दारात मात्र नाना जात नाहीत. कोपऱ्यावरच्या, सख्ख्या धाकट्या भावाच्या, बंडूच्या. आई गेली तेव्हा तेरवी कुणाच्या घरी करायची यावरून नाना आणि बंडू भांडले. दोघंही हटेनात. शेवटी एका माउलीच्या एकाच दिवशी दोन तेरव्या झाल्या. आम्ही शेजारी खाली मान घालून दोन्हीकडे जेवलो. त्याच्या पुढच्याच संक्रांतीपासून नानांची बादली सुरू झाली.

बंडूकडे ते मला पाठवतात. बंडू दरवर्षी आतूनच ओरडतो, "सांगा त्याले, पीठ नाई!" मी रिकामी वाटी घेऊन परत. मग नाना स्वतःच्या डब्यातली एक मूठ टाकतात. "हे बंड्याचं. भिजवा आता."

यंदा त्यांनी डबाच आणला नाही. "खोटी मूठ नाई पडत आता, मास्तर. सत्तरी आली. किती वर्षं पुरणार हाये मी? खरी येईल तवाच भिजवू."

बारा वाजले. एक वाजला. विस्तव राखेला आला, लेकरं भुकेनं रडायला लागली, बायका नानांना बोलायला लागल्या. पण म्हातारा परातीवर हात ठेवून बसलेला! माझं डोकं फिरलं. तडक बंडूच्या दारात गेलो आणि म्हणालो, "अरे, सारी कॉलनी उपाशी आहे तुझ्यापायी!"

"माह्या नावाची मूठ तर तो दरवर्षी टाकते," बंडू म्हणाला. "मले दिसते ना खिडकीतून. मंग यंदा काऊन अडलं?"

"यंदा तो टाकत नाही म्हणतो."

बंडू आत गेला, आणि मूठ घट्ट मिटून अनवाणीच प्लॉटवर आला. त्यानं परातीवर मूठ उघडली.

एरवी शब्द खाली पडू न देणारे नाना! त्यांनी भावाचं पिठानं भरलेलं मनगट धरलं आणि लेकरासारखे रडले. "दोन तेरव्या केल्या रे बंड्या आपण, अन् माय उपाशीच गेली."

"भिजव आता, दादा," बंडू कसाबसा म्हणाला. "लेकरं भुकेली हायेत."

विस्तव उतरल्यामुळं रोडगे आतून कच्चेच राहिले. आम्ही मुकाट्यानं खाल्ले, आमच्या मंडळींनीसुद्धा. नाना बंडूच्या पानात वाढतच होते, आणि बंडू एकदाही नको म्हणत नव्हता.