रुसण्याची जबाबदारी

नुसरतआपा नाती वाटते, हळदीकुंकवाला वाण वाटावं तशी. जपानमधल्या हिगाशी-कसाईच्या आमच्या इमारतीत ती माझ्या घराच्या अगदी वरच्या घरात राहते. मूळची लाहोरची. नवरा जुन्या गाड्या परदेशी पाठवतो, त्यामुळे निम्मा महिना बंदरावर. लेकीचं, सबाचं, लग्न ठरलं त्याच संध्याकाळी आपा वही घेऊन माझ्या दारात उभी.

"भाभी, आप फुफी."

फुफी म्हणजे आत्या. नवऱ्याला बहीणच नाही, ती पोस्ट रिकामी आहे, असं तिने सांगितलं. मी कामाचं स्वरूप विचारलं.

"रूठना."

आपल्याकडे विहीणबाई रुसतात, त्यांच्याकडे आत्या. तिची मनधरणी झाल्याशिवाय लग्नाला लग्नपण येत नाही म्हणे. मी म्हटलं, "आपा, मी दिवसभर लॅबमध्ये असते. मला रुसायला वेळ नाही."

"तो शनिवार को रूठो."

ढोलकी, मायूं, मेहंदी, बारात, वलीमा अशी लांबलचक यादी होती. एका दिवसात उरक, हा माझा सल्ला तिने वहीनेच झटकला. "ये शादी है भाभी, मीटिंग नहीं." हे वाक्य ती केटररला, जावयाला आणि हॉलच्या कारकुनालाही ऐकवायची. वॉर्डाचा हॉल फक्त दोन-दोन तास मिळायचा, त्यातही शेवटची पंधरा मिनिटं झाडलोटीची. आपाने अख्खं लग्न दोन-दोन तासांच्या तुकड्यांत बसवलं.

ढोलकीचा सराव मात्र घरी. दोन गाद्या खाली, एक रजई ढोलकीवर. तरी माझ्या मजल्यावरच्या ओगावा-सान वर आल्या. सत्तरीच्या बाई, आवाजाबद्दल माफी मागत तक्रार करायला आलेल्या. त्या मामी होऊन परत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मामीची कर्तव्यं टिपून घ्यायला कोरी वही आणली.

एकदा मी आपाची वही चाळली. दादी, चाची, मामी सगळ्या भरल्या होत्या. 'खाला', म्हणजे मावशी, त्यापुढे काहीच नव्हतं.

"मला मावशीच कर की. रुसण्यापेक्षा सोपं."

"वो पोस्ट भरी हुई है," आपा म्हणाली आणि वही मिटली.

खरं काय ते सबाने सांगितलं. साजिदा ही आपाची धाकटी बहीण. मी राहते त्याच घरात राहायची. इथे मोठा भूकंप झाला त्या आठवड्यात ती मुलं घेऊन लाहोरला निघाली. आपालाही चल म्हणाली. आपा तिला भित्री म्हणाली, ती आपाला दगड म्हणाली. चार वर्षं बोलणं बंद. लग्नाची पत्रिका सबाच्या वडिलांनी पाठवली होती. उत्तर नव्हतं.

मायूंच्या दिवशी हॉलमध्ये सबाला उटणं लावायचं होतं. त्यांच्या घरात पहिला हात मावशीचा. सबा पिवळी ओढणी घेऊन बसली होती. शेजारी एक उशी रिकामी. ओगावा-सान गुडघे मोडून ताठ बसलेल्या. उटण्याचा वाडगा तसाच, आणि आपा दाराजवळ चपलांच्या जोड्या लावत होती. तिसऱ्यांदा.

मी घड्याळ पाहिलं. पस्तीस मिनिटं उरली होती. मी उठले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

"मी रुसले."

"माशाल्ला!" आपा धावत आली. कौतुकाने मिठाईचं ताट पुढे केलं.

"नको."

"चूडियाँ?"

"नको. साजिदाला फोन लाव."

मी मान वळवून पाहिलं. तिचा हात ताटावरच थांबला होता. "भाभी, मज़ाक नहीं."

"ये शादी है आपा, मीटिंग नहीं."

तिने ताट खाली ठेवलं. मग सबाने नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन आईच्या हातात दिला. बेल वाजत राहिली. कोणीतरी उचलला. आपाने फोन दोन्ही हातांनी धरला. शेवटी पलीकडून सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा आवाज आला,

"उबटन किसने घोला? दूध डाला या पानी?"

आपाने वाडग्याकडे पाहिलं. "पानी," ती म्हणाली. "मुझे कहाँ आता है. हमेशा तू ही तो घोलती थी."

"अक़्ल नहीं है तुझे. थोड़ा दूध डाल. और पहले दायाँ गाल."

आपाने फोन रिकाम्या उशीवर ठेवला. ओगावा-सानच्या चहासाठी आणलेलं दूध तिने वाडग्यात ओतलं, बोटांनी ढवळलं. आम्हा सगळ्यांना महिनाभर हुकूम सोडणारी बाई आता मुकाट्याने सांगितलेलं करत होती. उजवा गाल. मग डावा. "ज़ोर से नहीं," उशी म्हणाली, "बच्ची है." आपा म्हणाली, "हाँ. हाँ."

हॉलचा कारकून वेळ संपत आल्याचं सांगायला आला. मामी उठल्या, त्याला वाकून नमस्कार केला आणि त्याच्या तोंडावर हळूच दार सरकवलं. हे त्यांच्या वहीत नक्की नव्हतं.

माझी मनधरणी करायची सगळेच विसरले. मी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं आणि तशीच बसून राहिले. त्या वेळी माझे डोळे कोणाला न दिसलेलेच बरे होते.